चापिंगोचे खानखोजे मास्तर

भाद्रपदात सप्तशृंगीच्या गडावरून नांदुरीला उतरलं आणि कळवणची वाट धरली, की दोन्ही अंगांना मकाच मका दिसतो. डोक्याच्या वर गेलेली ताटं, तुऱ्यांवर पिवळसर धुरळा, कणसांच्या टोकाला लालसर मिशा. कांद्याचं रोप अजून वाफ्यात असतं, त्यामुळे या दिवसांत शिवारावर राज्य मक्याचं. अभोणा-कनाशीकडे डोंगराच्या अंगाला नागली-वरई अजून टिकून आहे, पण सपाटीला आलं की मका. त्यातला घरात खायला थोडाच राहतो. बाकीचा कोंबडीखाद्याला, स्टार्चला आणि अलीकडे इथेनॉलला जातो. हिरवा कापला तर त्याचा मुरघास होतो आणि तो गायीच्या गव्हाणीत पडतो.

२०१८ पासून या मक्याच्या पोंग्यात एक परकी अळी शिरली आहे. लष्करी अळी. शेजारच्या वावरातल्या नानांनी एकदा पोंगा उकलून ती मला दाखवली.

"ही कुठली पैदास हो, सर?"

"अमेरिका खंडातली. तिकडून आफ्रिकेत गेली, आफ्रिकेतून आपल्याकडे."

"अन् मका?"

"मकाही तिकडचाच, नाना. मूळचा मेक्सिकोचा."

नाना हसले. "मग काय, सासरी दिलेल्या पोरीला बघायला माहेरचं माणूस आलं म्हणायचं."

नानांच्या या वाक्यामुळे मला वर्ध्याचे एक गृहस्थ आठवले. मक्याच्या त्या माहेरी जाऊन ते तीस वर्षं राहिले. तिथल्या शेतकी विद्यालयात मास्तर झाले, मक्याची रानटी सोयरी शोधत हिंडले आणि एका जगप्रसिद्ध चित्रकाराच्या भिंतीवर भाकरी मोडताना कायमचे बसले. तिथे ते मक्यासाठी गेलेच नव्हते. इंग्रजांनी त्यांच्यासाठी मायदेशाचं दार बंद केलं होतं, आणि जगात जी दारं उघडी होती त्यांतलं एक मेक्सिकोचं निघालं. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्यांचं नाव. कळवणच्या बाजार समितीच्या आवारात मक्याच्या ढिगांमधून फिरताना हे नाव कुणाला विचारावं, तर कुणी ओळखणार नाही. त्यात कुणाला नावं ठेवण्यासारखंही काही नाही, कारण पुण्या-मुंबईच्या शिकल्या-सवरल्या मंडळींतही ते फारसं कुणाला ठाऊक नसतं.

आमच्या नाशिक जिल्ह्यात क्रांतिकारक म्हटला की एकच चित्र डोळ्यांपुढे येतं. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद नाट्यगृह, कलेक्टर जॅक्सन आणि अनंत कान्हेरे. पुढच्या एप्रिलात ठाण्याच्या तुरुंगात तीन फाशा. मग सावरकर बंधूंचं अंदमान. ही गोष्ट आम्ही शाळेत ऐकली, सहलीला जाऊन पाहिली, भाषणात म्हटली. तिच्यात तुरुंग आहे, फास आहे, जन्मठेप आहे, आणि जन्मठेप भोगणाऱ्यानं स्वतः लिहिलेला गाजलेला ग्रंथही आहे. पण त्याच काळात आणखी एका जातीचे लोक होते. ते पकडले गेले नाहीत. ते नुसते बाहेर राहिले. परागंदा हा आपल्याकडचा जुना शब्द त्यांना नेमका लागू पडतो. त्यांना ना कोठडी मिळाली, ना घर. अशा माणसाची गोष्ट सांगायला अवघड जाते, कारण तिच्यात शेवटचा प्रवेश येतच नाही. माणूस जगतच राहतो, नोकरी करतो, परकी भाषा शिकतो, म्हातारा होतो.

खानखोज्यांचा जन्म १८८४ चा, वर्ध्याचा. पुढचं शिक्षण नागपूरला. त्यांच्या वयाकडे जरा पाहा. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा ते बारा वर्षांचे होते, १८९९-१९०० चा पडला तेव्हा पंधरा. मध्यप्रांताला या दोन्ही दुष्काळांनी भाजून काढलं होतं. टिळकांच्या राजकारणानं भारलेली मुलं तेव्हा गावोगाव होती आणि त्यांतली बहुतेक पुढे वकील झाली, मास्तर झाली, संसाराला लागली. हा मुलगा १९०६ च्या सुमारास बोटीवर चढला. परदेशी जाऊन लष्करी शिक्षण घ्यावं, असं त्याच्या डोक्यात होतं. नुकतंच जपाननं रशियाला हरवलेलं, त्यामुळे आधी जपान. तिथून पॅसिफिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्को. एप्रिल १९०६ च्या भूकंपानं आणि आगीनं हे शहर बेचिराख झालं होतं आणि पुन्हा उभं राहत होतं. हाताला काम मिळेल अशी जागा होती ती.

पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा दोन प्रकारचे हिंदी लोक भेटत. एक शिकायला आलेले, मूठभर. दुसरे पंजाबातून आलेले मजूर, हजारोंनी. ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या लाकडाच्या वखारींत ओंडके ओढणारे, रेल्वेचे रूळ टाकणारे, कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत राबणारे. ४ सप्टेंबर १९०७ रोजी बेलिंगहॅम गावात गोऱ्या कामगारांच्या जमावानं वखारींत आणि चाळींत शिरून दोनशेवर हिंदी मजुरांना गावाबाहेर हाकललं. त्यांतले बहुतेक शीख होते, पण वर्तमानपत्रांनी सरसकट 'हिंदू' म्हणून त्यांची बातमी दिली. यांतले पुष्कळजण त्याआधी इंग्रजांच्या फौजेत नोकरी करून आलेले, साहेबाच्या इमानाला जागलेले. बेलिंगहॅमला ते इमान त्यांच्या काही उपयोगी पडलं नाही. गदर पक्षाची बीजं शोधायची तर ग्रंथालयापेक्षा अशा वखारींत शोधावीत, असं माझं मत आहे.

खानखोजे या दोन्ही जगांत वावरले. पोटासाठी मजुरी आणि डोक्यासाठी कॉलेज. सॅन राफाएल इथल्या एका लष्करी विद्यालयात त्यांनी कवायत आणि शस्त्रविद्या शिकून घेतली. सोबत शेतकीही चालू होती. १९१३ मध्ये वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून ते पदवी घेऊन बाहेर पडले. या जोडशिक्षणाचं चरित्रकारांना कौतुक वाटतं. मला त्यात त्या पिढीचा साधा हिशेब दिसतो. स्वराज्य मिळवायला बंदूक लागेल आणि मिळाल्यावर धान्य लागेल. दुष्काळात वाढलेल्या मुलाला हा हिशेब कुणी समजावून द्यावा लागत नाही.

या किनाऱ्यावर त्यांना साथीही मिळाले: पोर्टलंडच्या बाजूला पंडित काशीराम, कॅलिफोर्नियात लाला हरदयाळ, बर्कलेला कर्तारसिंग सराभा, आणि आपल्याकडचा विष्णू गणेश पिंगळे. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या हिंदी लोकांची संघटना १९१३ मध्ये बांधली गेली आणि १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून 'गदर'चा पहिला अंक निघाला, उर्दूत. खानखोजे तिच्या, म्हणजे गदर पक्षाच्या, संस्थापकांतले. वर्तमानपत्र काढणं हे उघडं काम होतं. माणसं तयार करणं, हत्यारांची सोय पाहणं हे झाकलेलं. खानखोज्यांकडे झाकलेलं आलं.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि गदरवाल्यांना वाटलं, हीच वेळ. जहाजं भरभरून लोक हिंदुस्थानाकडे परतले. पिंगळेही परतले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंगांबरोबर ते फासावर गेले. तळेगाव ढमढेरेचा हा तरुण आणि वर्ध्याचा हा तरुण एकाच किनाऱ्यावर एकाच पक्षात होते. एक पश्चिमेच्या वाटेनं घरी निघाला आणि संपला. दुसरा पूर्वेच्या वाटेनं, युरोपातून तुर्कस्तानात आणि तुर्कस्तानातून इराणात, घराच्या दिशेनंच निघाला, पण पोचला नाही.

इराणचा हा भाग चरित्रांत सगळ्यांत रंगतो. मुसलमानी नाव, वेषांतर, टोळीवाल्यांशी मैत्री, इंग्रज सेनानी पर्सी साइक्सच्या फौजेशी झटापटी, जखमा, कैद, सुटका. बलुचिस्तानच्या हद्दीपर्यंत धडक मारून हिंदुस्थानात बंडाची वाट उघडायची, असा तो बेत. सूफी अंबाप्रसादांसारखे लोक त्या मुलखात कामी आले. मी हा भाग वाचताना मात्र जरा हात आखडता घेतो. त्यातल्या कितीतरी प्रसंगांना खानखोज्यांखेरीज दुसरा साक्षीदार नाही, आणि जिवंत राहिलेला एकटा साक्षीदार म्हातारपणी सांगू लागला की गोष्टीला आपोआप धार येते. म्हणून ती खोटी ठरत नाही. पण या माणसाचं मोठेपण तिथे नाही, असं मला वाटतं. इराणातला डाव फसला. युद्ध संपलं. इंग्रज जिंकले. ज्या जर्मनीच्या पैशावर आणि तुर्कस्तानच्या दोस्तीवर सगळी मदार होती, ती दोन्ही साम्राज्यं कोसळली.

पुढची पाच वर्षं ही खऱ्या अर्थानं बेवारशी वर्षं. बर्लिनमध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याभोवती हिंदी परागंदांचं एक घरटं होतं. १९२१ मध्ये त्यांचं शिष्टमंडळ मॉस्कोला गेलं, त्यात भूपेंद्रनाथ दत्त होते, अमेरिकन अॅग्नेस स्मेडली होत्या आणि खानखोजेही होते. तिथे मानवेंद्रनाथ रॉय आधीच ठाण मांडून बसलेले. दोन गटांचं पटलं नाही. मंडळी हात हलवत बर्लिनला परतली. मार्क घसरत होता, पक्ष विस्कटला होता, हिंदुस्थानात गांधींचं राज्य सुरू झालं होतं आणि बंदुकीच्या राजकारणाला तिथे पूर्वीचं गिऱ्हाईक उरलं नव्हतं. चाळिशीला आलेला माणूस, शेतकीची पदवी, बायको-पोरं नाहीत, आणि घरी परतलं तर अटक.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोत उतरले.

मेक्सिकोच का, याचं उत्तर ओळखीपाळखीत आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या दिवसांत मेक्सिकन क्रांतीचे लोकही त्याच किनाऱ्यावर वावरत. त्यांतले रामोन दे नेग्री हे पुढे मेक्सिकोचे शेतीमंत्री झाले. एका देशाच्या फसलेल्या बंडखोराला दुसऱ्या देशाच्या जिंकलेल्या बंडखोराची ओळख कामी आली. पण ओळख नुसती दार उघडते. आत बसवून घेणारा देशही तसा असावा लागतो. १९१० पासून १९२० पर्यंत मेक्सिको यादवीत भाजून निघाला होता, आणि त्या यादवीच्या मुळाशी जमीन होती. एकेका हासिएंदाकडे, म्हणजे आपल्या भाषेत जहागिरीकडे, डोळा पोचणार नाही एवढी जमीन, आणि गावांकडे काहीच नाही. 'जमीन आणि स्वातंत्र्य' मागणाऱ्या एमिलियानो झपाटाला १० एप्रिल १९१९ रोजी दग्यानं मारलं, पण १९१७ च्या राज्यघटनेत गावांना जमीन परत देण्याचं कलम आलं होतं. गावाच्या सामाईक मालकीची अशी जमीन, एहिदो, वाटायला सुरुवात झाली होती. जमीन हातात आलेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या हुकमानं राबलेल्या शेतकऱ्याला आता शेती शिकवायला कुणीतरी हवं होतं.

मेक्सिको सिटीच्या पूर्वेला टेस्कोकोजवळ चापिंगो नावाची अशीच एक जहागीर होती. ती एके काळी देशाच्या एका अध्यक्षाची. क्रांतीनंतर सरकारनं राष्ट्रीय शेतकी विद्यालय तिथे हलवलं. जहागीरदाराच्या प्रार्थनाघराच्या भिंतींवर चित्रकार दिएगो रिवेरानं १९२४ ते १९२७ या काळात चित्रं काढली. जमिनीला कसायचं, माणसाला पिळायचं नाही, अशा आशयाचं ब्रीद तिथे लिहिलं गेलं. त्या विद्यालयात खानखोजे वनस्पतिशास्त्र आणि पिकांची पैदास शिकवू लागले. मराठी घरातला माणूस, अमेरिकन कॉलेजात इंग्रजीतून शिकलेला, स्पॅनिशमध्ये वर्ग घेतो आहे. समोर बसलेल्या मुलांची आजी नाहुआत्ल बोलणारी. स्वतःच्या भाषेबाहेर उभं राहून शिकवायचं काय असतं, हे आमच्या आश्रमशाळांतल्या मास्तरांना नेमकं कळेल. पुस्तकात एक शब्द, मुलाच्या तोंडी दुसरा, आणि शेतातल्या वस्तूला तिसराच.

चापिंगोत त्यांनी मक्यावर केलेलं काम समजून घ्यायला एक गवत समोर ठेवावं लागतं. त्याचं नाव तेओसिंते. मेक्सिकोच्या डोंगरउतारांवर आणि शेतांच्या कडेला ते आपोआप उगवतं. ताट मक्यासारखं, पण फुटवे पुष्कळ. कणीस म्हणावं तर बोटाएवढं, त्यात पाच ते बारा दाणे, आणि एकेक दाणा दगडासारख्या टणक कवचात. दातानं फोडायला गेलं तर दात जाईल. हे गवत आणि आपला दाणेदार मका यांचं नातं काय, यावर तेव्हा शास्त्रज्ञांत मोठं भांडण होतं. दोघांचा संकर होतो, हे उघड दिसत होतं. मग यातला बाप कोण आणि लेक कोण? १९३९ मध्ये अमेरिकेतल्या पॉल मँगेल्सडॉर्फ यांनी तेओसिंतेला मक्याच्या पुढच्या पिढीत टाकलं. त्याच वर्षी जॉर्ज बीडल म्हणाले, तेओसिंते हाच पूर्वज. पुढे डीएनएच्या तपासणीनं बीडल खरे ठरवले. बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी कुणी शेतकऱ्यांनी, बहुधा बायकांनीच, या कवचाच्या गवतातून निवडत निवडत मका घडवला. हे दोन्ही पंडित बोलायच्या आधीपासून खानखोजे तेओसिंते आणि मका यांचे संकर करून पाहत होते. रानटी सोयऱ्याचा काटकपणा घरच्या पिकात आणावा, अनेक कणसं धरणारं ताट मिळावं, या दिशेनं त्यांचे प्रयोग चालले. १९३० मध्ये मक्याच्या नव्या वाणांवर त्यांची पुस्तिका निघाली, १९३६ मध्ये 'माईस ग्रानादा'वर दुसरी. ग्रानादा म्हणजे डाळिंब. कळवण-सटाण्याच्या माणसाला मक्याला डाळिंबाचं नाव दिलेलं ऐकून गंमत वाटेल. आमच्याकडे ही दोन पिकं एकाच बांधाच्या अल्याडपल्याड असतात, पण त्यांची सोयरीक कुणी लावली नव्हती.

प्रयोगशाळेत बसून वाण काढणारे पुष्कळ असतात. खानखोजे वेगळे ठरतात ते त्यांच्या मोफत शेतकी शाळांमुळे. चापिंगोत येणारा विद्यार्थी लिहिता-वाचता असे. ज्याला नवी जमीन मिळाली तो शेतकरी तिथवर पोचतच नव्हता. म्हणून त्यांनी शेतकऱ्यांच्या संघटनांच्या मदतीनं आसपासच्या गावांत शाळा काढल्या. 'एस्क्वेला लिब्रे दे आग्रिकुल्तुरा' असं त्यांचं नाव. 'लिब्रे' या शब्दात मोफत आणि मोकळी हे दोन्ही अर्थ येतात. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, वयाची अट नाही. त्यांतल्या एका शाळेला झपाटाचं नाव दिलेलं. दिवसभर शेतात राबून आलेली माणसं, डोक्यावर रुंद काठाच्या टोप्या घातलेली, अंगावर धुवट पांढरे कपडे, बियाणं आणि माती यांच्याविषयी ऐकत बसत. महाराष्ट्रात सत्यशोधकांच्या आणि कर्मवीरांच्या शाळा ज्यांनी वाचल्या-ऐकल्या आहेत, त्यांना हे दृश्य परकं वाटणार नाही. फरक एवढाच, की हे काम करणारा माणूस त्या देशात जन्मलेला नव्हता.

हे दृश्य आज आपल्याला दिसतं ते तिना मोदोत्तीमुळे. इटलीत जन्मलेली, अमेरिकेत वाढलेली, १९२३ पासून मेक्सिकोत राहणारी ही छायाचित्रकार. तिनं १९२८ च्या सुमारास या शाळांचे, मक्याच्या ताटांचे आणि खानखोज्यांचे फोटो काढले. ती स्वतःही परकीच, आणि तिच्याभोवतीचा गोतावळा परागंदांचा. क्यूबाचा तरुण पुढारी हुलिओ आंतोनिओ मेया, तिथल्या हुकूमशहानं देशाबाहेर घालवलेला, १० जानेवारी १९२९ च्या रात्री मेक्सिको सिटीच्या रस्त्यावर तिच्याबरोबर चालत असताना गोळ्या लागून पडला. वर्षभरानं मेक्सिकोनं तिनालाही हाकललं. त्या शहराचा हा स्वभाव लक्षात ठेवायला हवा. ते सगळ्यांना ठेवून घेई, पण जपण्याची हमी कुणालाच देत नसे. १९५५ मध्ये खानखोजे मेक्सिको सोडून निघाले, त्याच वर्षी फिडेल कास्त्रो नावाचा दुसरा क्यूबन परागंदा तिथे येऊन दाखल झाला.

आणि रिवेरा. मेक्सिको सिटीत शिक्षण खात्याची मोठी इमारत आहे. तिच्या ओवऱ्यांच्या भिंती रिवेरानं १९२३ पासून १९२८ पर्यंत रंगवल्या. वरच्या मजल्यावर 'आमची रोजची भाकरी' या अर्थाच्या नावाचं एक चित्र आहे. मेजाभोवती कष्टकरी बायामाणसं आणि मुलं बसलेली, मागे डोक्यावर फळांची टोपली घेतलेली स्त्री, आणि मेजाच्या मुख्य जागी सावळ्या वर्णाचा एक पुरुष पाव मोडून वाटतो आहे. तो चेहरा खानखोज्यांचा. ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाची ती बैठक, त्यात ख्रिस्ताच्या जागी वर्ध्याचा पांडुरंग. रिवेराला देवाधर्माचं वावडं होतं, पण मांडणी कुठून उचलायची हे त्याला चांगलं कळत होतं. आपल्याकडे असं चित्र कुणी काढलं असतं, तर त्या पुरुषाच्या हातात बंदूक नाहीतर झेंडा दिला असता.

१९३६ मध्ये खानखोज्यांनी बेल्जियमच्या जान सिंदिक यांच्याशी लग्न केलं. पन्नाशी उलटून गेली होती. सावित्री आणि माया या दोन मुली झाल्या. घरातल्या भाषा कुठल्या असतील याचा विचार करावा. आईची फ्रेंच, गावाची स्पॅनिश, बापाची इंग्रजी, आणि मराठी फक्त मुलींच्या नावांत.

देश स्वतंत्र झाल्यावर लगेच परतता आलं असेल असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. इंग्रजांनी केलेली धोकादायक माणसांची यादी स्वतंत्र भारताच्या कचेऱ्यांत जशीच्या तशी पोचली होती, आणि खानखोज्यांचा व्हिसाचा अर्ज आधी फेटाळला गेला. ज्या राज्याविरुद्ध लढल्याबद्दल नाव काळ्या यादीत गेलं, ते राज्य गेलं तरी यादी राहिली. कारकुनाला वारसा चालवावाच लागतो. पुढे ती चूक सुधारली आणि १९४९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारच्या निमंत्रणावरून ते शेतीविषयक कामासाठी आले. नागपूर तेव्हा त्या प्रांताची राजधानी. त्रेचाळीसएक वर्षांनी स्वतःच्या मुलखात, तेही परदेशी तज्ज्ञ म्हणून. १९५५ मध्ये ते कुटुंबासह नागपुरात कायमचे आले. वय एकाहत्तर.

उतारवयात त्यांनी आपल्या आठवणी मांडल्या. या आठवणींपाशी मला थोडं थांबावंसं वाटतं. परागंदा माणसाचं आत्मचरित्र हा जगाच्या वाङ्मयात वेगळाच प्रकार आहे. क्यूबातून १९६० ते १९६२ या दोन वर्षांत चौदा हजारांहून अधिक मुलं आईबापांवाचून अमेरिकेत पाठवली गेली. त्यांतला एक मुलगा, कार्लोस आयरे, पुढे येल विद्यापीठात इतिहासाचा प्राध्यापक झाला आणि हवानातल्या बालपणावर त्यानं लिहिलेल्या पुस्तकाला २००३ मध्ये अमेरिकेचा मोठा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्या बाजूनं मानवेंद्रनाथ रॉय यांनी स्वतःच्या मेक्सिकोतल्या दिवसांवर ऐसपैस लिहून ठेवलं. आयरेनं गमावलेल्या घराची खोली न् खोली आठवली. रॉय यांनी आपलं मन कसं बदलत गेलं ते सांगितलं. खानखोज्यांच्या आठवणींचा भर या दोन्हींवर नाही. त्यांच्यात मोहिमा आहेत, नावं आहेत, वाटा आहेत, बंदुका आहेत. मेक्सिकोतली तीस वर्षं मात्र मानानं आखडलेली. जी वर्षं सार्थकी लागली ती माणसाला सांगण्याजोगी वाटत नाहीत, आणि जी फसली तीच पुन्हा पुन्हा तोंडात येतात. शिवाय नागपुरात ऐकणारे होते ते क्रांतिकारकाला ऐकायला आलेले. मक्याच्या पुंकेसराबद्दल विचारायला कोण येणार?

ती उणीव पुढच्या पिढीनं भरून काढली. थोरली लेक सावित्री साहनी यांनी वडिलांवर इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक २००८ मध्ये आलं. वीणा गवाणकर यांनी मराठीत त्यांचं चरित्र लिहिलं. शेतीशास्त्रज्ञ कार्व्हरची ओळख महाराष्ट्राला ज्यांनी करून दिली त्यांनीच खानखोज्यांचीही करून द्यावी, हे फार शोभलं. बापाच्या आठवणी आणि मुलीचं पुस्तक शेजारी ठेवून वाचावीत. बाप सेनापती होऊ पाहणारा तरुण आठवतो. लेकीला आठवतात ते मास्तर.

२२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात खानखोजे वारले. त्याच्या आदल्याच वर्षी भारतानं मेक्सिकोतून अठरा हजार टन गव्हाचं बियाणं विकत आणलं होतं. लेर्मा रोहो, सोनोरा. रेशनच्या रांगा लागलेल्या देशात त्या बुटक्या गव्हानं पुढे काय केलं, ते घराघरात ठाऊक आहे. हा गहू तयार करणाऱ्या नॉर्मन बोरलॉग यांचं मेक्सिकोतलं काम १९४४ मध्ये सुरू झालं. रॉकफेलर फाउंडेशनच्या त्या कार्यक्रमाचं एक ठाणं चापिंगोतच होतं. खानखोज्यांनी तिथे पाय ठेवला त्याला तेव्हा वीस वर्षं झाली होती. बोरलॉग यांच्या गव्हाचं श्रेय खानखोज्यांच्या पदरात घालायचा मोह आपल्याकडे काहींना होतो. तसं करू नये. बोरलॉग यांची वाट वेगळी होती, तिच्यामागे पैसा होता, खत होतं, पाणी होतं. खानखोजे शिकवत होते ते यातलं काहीच हाताशी नसलेल्या माणसाला. मात्र मेक्सिकोचं बी भारतात उतरत असताना मेक्सिकोच्या शेतीत आयुष्य घातलेला एक मराठी म्हातारा नागपुरात बसून होता, हे विसरू नये.

सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभेच्या अध्यक्षांनी चापिंगो विद्यापीठात खानखोज्यांच्या पुतळ्याचं अनावरण केलं. चापिंगो आता विद्यापीठ झालं आहे.

आमच्याकडे डोंगराकडच्या पाड्यांवर अजून काही घरांत मक्याची कणसं सोलून, वरची पानं मागे वळवून, एकमेकांत गुंफून आढ्याला टांगलेली दिसतात. चुलीचा धूर लागतो, कीड लागत नाही. शेतात उभ्या पिकातूनच चांगलं ताट हेरून ठेवायचं आणि त्याचं कणीस बियाण्याला राखायचं, ही जुनी रीत. चापिंगोच्या आसपासच्या खेड्यांतही घरोघर मका असाच टांगतात. सपाटीला मात्र दरसाल नवी पिशवी आणावी लागते, संकरित बियाण्याचा दाणा पुढच्या वर्षी तसाच उतरत नाही. नानांच्या पडवीत अशी एक माळ आहे, पांढऱ्या मक्याची, त्यांच्या आईच्या हातची जात. ती ते विकत नाहीत, फारशी पेरतही नाहीत. दरवर्षी दोन ओळी बांधाच्या कडेला लावतात.

"कशासाठी, नाना?"

"बी मोडू नये म्हणून."